विचारल्याशिवाय सांगायचं नाही

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? औषधी तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? मेहुण्यांचा खोकला काय म्हणतो? (तो खोकला खरा आहे की तू बोलायला लागलीस की सुरू होणारा आहे, हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही. आता डॉक्टर लोकांत ऊठबस झाली आहे, तेव्हा परत आलो की कान लावून सांगेन.) मी ठणठणीत आहे. माझी छाती, माझं पोट, माझे गुडघे आणि माझी स्मरणशक्ती यांची गेल्या काही दिवसांत इतक्या जणांनी इतक्या आपुलकीने चौकशी केली आहे की काय सांगू! एवढी विचारपूस माझ्या लग्नातसुद्धा कुणी केली नव्हती.

पत्रात आधी विनंती लिहायची आणि मग विशेष, अशी जुनी रीत. मी यंदा उलटं करतो. विशेष आधी सांगतो आणि विनंती अगदी शेवटी करतो, कारण विनंती आधी वाचलीस तर पुढचं वाचायला पत्र शिल्लक राहणार नाही, चुलीत जाईल. तेव्हा शेवटचं पान आधी उलटून बघू नकोस. (उलटलंस ना? मला माहीत होतं. आता मुकाट्याने पहिल्यापासून वाच.)

तू मला इथे कशासाठी धाडलंस ते मी विसरलेलो नाही. "दादा, ती फक्त तुझं ऐकते. ते परदेशाचं खूळ तिच्या डोक्यातून काढ. तोवर मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही," असं तू स्वयंपाकघरात म्हणालीस, मग दारात म्हणालीस, मग गाडी सुटताना खिडकीतून ओरडून म्हणालीस, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनाही आपल्या घरातला प्रकार सविस्तर कळला. मी तुला शब्द दिला. शिलाई मशीन कितीही बिघडलेलं असो, मी ते दुरुस्त केल्याशिवाय आजवर परत पाठवलेलं नाही. मला कुणी शिकवलं नाही. उघडून बघत गेलो, बोटं चेपून घेतली आणि शिकलो. माणसाचं मनही तसंच, झाकण काढून शांतपणे बघितलं की कळतं कुठला स्क्रू ढिला आहे, अशी माझी खात्री होती. (खात्री अजूनही आहे. मशीन कुठलं, याबद्दल थोडा घोळ झाला, पण ते पुढे.)

मुंगी मला घ्यायला आली. (तुझी लेक आता जवळजवळ डॉक्टर झाली असली तरी मी तिला मुंगीच म्हणणार. स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत शाळेतून यायची, ती चाल अजून तशीच आहे.) पांढऱ्या कोटाच्या एका खिशात कानाला लावायची नळी, दुसऱ्या खिशात अर्धं खाल्लेलं बिस्किट. मला वाकून नमस्कार केला आणि उठताना भिंतीला धरलं. म्हटलं, काय गं, चक्कर आली का? तर म्हणाली, "नाही मामा, झोप आली." वसतिगृहासमोरच्या खाणावळीवर एक खोली तिने माझ्यासाठी घेऊन ठेवली होती. तुझी चौकशी केली. "आई काही म्हणाली?" असं विचारलं. तू काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं आहेस, हे मी तिला कसं सांगणार? मी म्हटलं, "तिची कंबर दुखते."

माझं भाषण तयार होतं. गाडीत पूर्ण वेळ तेच घोकत आलो होतो. सुरुवात गोड, मधे थोडा दम, शेवट तुझ्या कंबरेवर. संध्याकाळी ते घेऊनच मी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत शिरलो, तर तिथे एक पंचविशीचा आडदांड पोरगा टेबलावर आडवा पडून, "आई गं, माझं म्हातारपण," असं ओरडत होता आणि बाकीची पोरं पोट धरून हसत होती. मला वाटलं, इथला अभ्यास असाच असेल. पण मी दारात दिसलो मात्र, सगळी हसायची थांबली आणि माझ्याकडे अशी बघू लागली, जशी उपाशी माणसं वाफाळत्या पातेल्याकडे बघतात. पिकलेले केस, सुटलेलं पोट, वाकलेले गुडघे! त्यांना हवा तो माल दारात चालत आला होता.

प्रकार असा आहे. परदेशात डॉक्टरकी करायची तर तिकडची एक परीक्षा द्यावी लागते. त्यात ओळीने खोल्या असतात. प्रत्येक खोलीत एक नकली रोगी बसवलेला असतो, म्हणजे पगारी नट. कुणाचं पोट दुखतं, कुणी विसरभोळा, कुणी औषध घ्यायला तयार नाही. आपण आत जायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं, आणि कोपऱ्यात बसलेला परीक्षक गुण देतो. ही पोरं आपापसात तालीम करायची, पण विशीतल्या पोराने आजोबा व्हायचं म्हणजे हसूच येणार. खरा, अनुभवी, जुना माणूस त्यांना मिळत नव्हता. लांब्या म्हणून त्यांचा एक म्होरक्या आहे (दारातून वाकूनच येतो), त्याने माझ्या मानेखाली उशी दिली. मुंगी म्हणाली, "मामा, थोडाच वेळ. नुसतं पोट दुखतंय असं पडायचं." मी म्हणणार होतो की मी वेगळ्या कामाला आलो आहे. पण उशी फार मऊ होती, धाकटे, आणि प्रवासाने पाठ मोडली होती.

पहिल्याच फेरीत मी नापास. एक पोरगी आली. तिला सगळे गोगलगाय म्हणतात, मुंगीच्याच खोलीत राहते, सावकाश आणि जपून चालते. तिने विचारलं, "काय त्रास होतोय?" मी सांगायला लागलो. पोट दुखतं, कालपासून दुखतं, बाबांचंही असंच दुखायचं, त्यातच ते गेले, म्हणून मला धास्ती वाटते, घरी सांगितलं नाही, शिवाय शेजारी नळावरून भांडतो. पोरगी आ वासून बघत राहिली. तिला विचारायला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. लांब्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "काका, त्या रोग्याच्या मनात एक भीती लपलेली असते. ती त्याने आपणहून सांगायची नाही. डॉक्टरने नीट विचारलं तरच सांगायची. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हाच तर खेळ आहे." मला सांगतोय बघ! ज्याने तुझं लग्न ठरताना मेहुण्यांना तुझा स्वभाव, त्यांनी न विचारता, बैठकीत सविस्तर सांगितला, त्या मला! पण मी शिकलो. ओठ दाताखाली धरून शिकलो. आता माझ्या पोटातलं काढायचं तर चांगला कसलेला डॉक्टर लागतो.

आणि मग जे झालं त्याला मी काय करू? माझं नाव झालं. शेजारच्या वसतिगृहातून पोरं यायला लागली. सकाळी माझे गुडघे असतात, दुपारी हृदय, संध्याकाळी विसरभोळेपणा. (माझ्या विसरभोळेपणाला तर आधी सांगून ठेवावं लागतं. मी तो अशा काही ढंगाने करतो की परवा खाणावळवालीने माझ्याकडून जेवणाचे पैसे दोनदा मागून बघितले.) पोरं तिकडच्या भाषेतही बोलून बघतात. मला ती येते, पण मी ती मशिनांच्या माहितीपुस्तकांतून शिकलेली, त्यामुळे मी आपला, "वरचा भाग अडकला आहे, आवाज करतो, तेल द्या," असं सांगतो. लांब्या म्हणाला, काका, भाषेचं आम्ही बघू, तुम्ही कण्हा फक्त.

गुण कशाकशाचे मिळतात ते ऐकशील तर तुलाही नवल वाटेल. आत आल्यावर आपलं नाव सांगितलं, गुण. खुर्ची ओढून रोग्याजवळ बसलं, गुण. "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" असं विचारलं, गुण. आणि विचारल्यावर मधे न बोलता गप्प बसलं, तर त्याचेसुद्धा गुण! गप्प बसण्याचे गुण मिळतात हे आधी ठाऊक असतं तर आमचे मेहुणे आज कुठल्या कुठे पोचले असते.

तू म्हणशील, दादा, तुला पाठवलं कशाला आणि तू करतोस काय? धीर धर. मी माझं काम सोडलं नव्हतं. डॉक्टर छातीला नळी लावून वाकला की त्याला पळून जाता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी एकेकाला तिथेच गाठून विचारत गेलो, का रे बाबा, तुला का जायचंय? लांब्या म्हणाला, पगार. पहिल्यांदा सगळे तेच म्हणतात, ते म्हणायला सोपं आहे. मग दुसरीकडे नळी लावताना म्हणाला, इथे पुढच्या शिक्षणाच्या जागा मुठीत मावतील एवढ्या, आणि दारात अख्खा गाव उभा. त्याचे वडील फोनवर विचारतात, झालास का डॉक्टर? हा म्हणतो, झालो. मग ते म्हणतात, तर मग अजून परीक्षा कसल्या देतोस, झालाच नसशील! गोगलगायीला विचारलं तर ती बराच वेळ माझी नाडीच मोजत राहिली. मग म्हणाली, एका रोग्याच्या भावाने तिची कॉलर धरली होती. औषध संपलं होतं, ते काही तिने संपवलं नव्हतं. तेव्हापासून ती वॉर्डात दाराकडे पाठ करून उभी राहत नाही. आणखी एक गोबऱ्या गालांचा पोरगा आहे, तो म्हणाला, "काका, हे सगळेच निघालेत. मी मागे राहून एकटा जेवू का?" मला तर याचंच उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

प्रत्येकाला मी सडेतोड उत्तर दिलं. तिकडची थंडी सांगितली (मी गेलो नाही, पण थंडी सांगायला जावं लागत नाही). परक्या गावात आजारी पडलात तर उशाशी कोण बसेल, असं विचारून त्यांना पार निरुत्तर केलं. म्हणजे, लांब्या तेवढा म्हणाला, "आजारी पडलो तर तिथे डॉक्टर आहेत ना काका. आम्हीच." पण ते काही खरं उत्तर नाही, नुसता चहाटळपणा आहे. मुंगीला मात्र जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा ती म्हणे, "मामा, श्वास घ्या. सोडा. आता बोलू नका." आणि नळी कानांत घट्ट खोचून घेई.

आता तो इस्पितळातला प्रसंग सांगतो. कुणाकडून तरी तुझ्या कानावर जाणारच, तर माझ्याकडून गेलेला बरा. लांब्या मला म्हणून गेला होता की एक दिवस न सांगता सवरता मोठी तालीम घेऊ, अगदी खऱ्यासारखी, तुम्ही तयार राहा. मी तयार होतो. एका दुपारी इस्पितळाच्या आवारात झाडाखालच्या बाकावर बसून मी हृदयाचा सराव करत होतो. हात छातीवर, चेहरा वेडावाकडा. घाम उन्हाने आयताच आला होता. तेवढ्यात पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली, दोन माणसं ढकलगाडी घेऊन धावत आली आणि मला उचलून आडवं केलं. मी मनात म्हटलं, आली तालीम! आणि काय ऐटीत पडलो म्हणून सांगू! (गाडीचं पुढचं एक चाक तेलावाचून कुरकुरत होतं. मन तिकडे जात होतं, पण मी रोगी आहे हे ध्यानात धरून गप्प राहिलो.)

तातडीच्या विभागात मला नेलं तर तिथली तयारी बघून मी थक्क झालो. पोरांनी केवढी माणसं गोळा केली होती! एकेका खाटेवर दोघं दोघं, जमिनीवर सतरंज्या टाकून निजलेले, दारापर्यंत नातेवाईक. कण्हणं किती बेमालूम! एका बाईच्या कपाळावरचं रक्त तर मी निरखून बघितलं, रंग अगदी हुबेहूब जमला होता. मला एका अरुंद बाकड्यावर सरकवलं. एक पोरगा डॉक्टर आला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. माझ्याकडे न बघता शेजारच्याची जखम दाबत म्हणाला, "काय होतंय?" म्हटलं, अरे, नाव नाही, गाव नाही, खुर्ची नाही! असल्या उमेदवाराला मी दाद देतो होय? मी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्याने पुन्हा विचारलं. मी मिटलेलंच. म्हणाला, "आजोबा, हसून दाखवा बघू." आता हृदयाचा रोगी हसेल कशाला? (झटक्याने तोंड वाकडं झालंय का ते असं बघतात, हे मला नंतर कळलं.) मी जास्तच गंभीर झालो. तसा तो ओरडला, "सिस्टर! यांची वाचा गेलीय!" आणि मग जी धावपळ उडाली! कुणी दंडाला पट्टा आवळतंय, कुणी डोळ्यांत दिवा मारतंय, कुणी छातीवर वायरी चिकटवतंय. मी म्हटलं, आता कशी पोरं शुद्धीवर आली! सिस्टर सुई घेऊन आली. सुई खरी होती, धाकटे. सुई बघितल्याबरोबर माझी वाचा परत आली. मी उठून बसलो आणि खणखणीत आवाजात निकाल सांगितला. "थांबा! नाव सांगितलं नाही, शून्य. खुर्ची ओढली नाही, शून्य. कशाची काळजी वाटते ते विचारलं नाही, शून्य. पुढचा उमेदवार पाठवा!"

मला वाटलं, आता हा मुलगा हिरमुसेल, तर दोन शब्द धीराचे बोलावेत. त्याला काय समजलं कोण जाणे, तो रागावलासुद्धा नाही. दोन्ही हातांना दुसऱ्याचं रक्त लागलेलं, ते तसेच धरून इकडे तिकडे बघत म्हणाला, "काका, खुर्ची कुठेय तेवढं दाखवा. ओढतो."

मी बघितलं. खुर्ची नव्हती. एक होती कोपऱ्यात, तिचा पाय मोडलेला आणि तिच्यावर खोक्यांचा ढीग. आणि ती शोधता शोधता मला एकेक करून सगळंच दिसत गेलं. ती बाई नट नव्हती. ते कण्हणं तालमीचं नव्हतं. आणि पलीकडे दोन खाटांच्या मधे आपली मुंगी उभी होती, दोन्ही हात वर करून, प्रत्येक हातात एकेक सलाईनची बाटली. बाटली टांगायचा खांब आहे, पण तो तिसऱ्या कुणाला तरी दिलेला. तिने मला आत आणताना बघितलं होतं. धावत येता येत नव्हतं, हात खाली घेतले की रक्त उलटं चढतं म्हणे. तिथूनच ओरडली, "मामा, खरंच दुखतंय का?" मी मान हलवली, नाही म्हणून. तर ती एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली, पण हात तसेच वर. एका खाटेवरच्या म्हाताऱ्याने तिचा कोट धरून विचारलं, "पोरी, मी वाचेन ना?" ती म्हणाली, "हो हो आजोबा, हलू नका." बघत मात्र होती दुसऱ्या बाटलीकडे. तेवढ्यात त्या दुसऱ्या रोग्याचा मुलगा तिच्यावर खेकसला, मोठा डॉक्टर कुठे आहे, तुम्हाला लाज नाही का, असं बरंच काही. आपली मुंगी, जी घरात मला चार उत्तरं देते, ती खाली मान घालून गप्प उभी.

पुढे मला मोठ्या डॉक्टरांनी जे ऐकवलं ते सांगत नाही, तू खूश होशील. त्यानंतर सिस्टरने ऐकवलं, ते तर त्याहून मोठं होतं. दुसऱ्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, त्या चाकाला तेल दिलं आणि खुर्चीचा पाय बसवला. आता ती ढिम्म हलत नाही. सिस्टरने बघितलं, "वा," म्हणाली आणि तिच्यावर परत खोकी ठेवली.

त्या संध्याकाळी तालमीला मुंगीची पाळी होती. मला डोकेदुखी दिली होती आणि मनातली भीती कुठलीही घ्या म्हणाले होते. ती आत आली. नाव सांगितलं. खुर्ची ओढून जवळ बसली. डोकं कुठे दुखतं, कधी दुखतं, सगळं रीतसर विचारलं. मग म्हणाली, "तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि गप्प बसली. नुसती बघत बसली माझ्याकडे. धाकटे, कुणी असं विचारून गप्प बसलं ना, तर त्या शांततेत फार ताकद असते. मी नेमकी कुठली भीती ठरवली होती तेच विसरलो. (हा विसरभोळेपणा खरा होता.) म्हणालो, डॉक्टर, माझी एक भाची आहे. लहानपणी माझ्या दुकानात तेलाचा डबा धरून उभी राहायची, थेंब सांडू द्यायची नाही. ती आता लांब जाणार म्हणते. तिची आई तिच्याशी बोलत नाही. मला भीती वाटते, ती न बोलताच जाईल.

लांब्या कोपऱ्यात परीक्षक होता. त्याची पेन्सिल थांबली. मुंगीने खरं तर पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. तिने विचारला नाही. म्हणाली, "मामा, त्या आजोबांनी विचारलं ना, मी वाचेन का म्हणून? मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी मला अशा वेळी वाईट वाटायचं. आता वाटेनासं झालंय. मला त्याची भीती वाटते, बाकी कशाची नाही. एखाद्या दिवशी खुर्ची असेल, वेळ असेल, आणि तरी मी बसणार नाही. तसं व्हायच्या आत मला कुठेतरी बसायला शिकायचंय." मी विचारलं, आणि परत येशील? म्हणाली, "माहीत नाही मामा. खोटं कशाला सांगू?" मग डोळे पुसून म्हणाली, आजोबा सुधारतायत, आज त्यांना जाऊन माझं नाव सांगितलं. लांब्याने वेळ संपली म्हणून सांगितलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले. चष्मा पुसत होता. त्याला चष्मा नाही, गोगलगायीचा घेऊन पुसत होता.

तर एकंदरीत सांगायचं म्हणजे, माझं काम फत्ते झालं आहे. मन वळलं आहे. तू निश्चिंत राहा, कंबरेला तेल लाव आणि माझ्या दुकानाच्या कुलपावर लक्ष ठेव.

तुझा,
दादा

ता. क. मन वळलं आहे असं वर लिहिलं ते अगदी खरं आहे. कुणाचं, ते लिहायचं राहिलं. माझं.

ता. क. दुसरा. आता विनंती. मुंगीची परीक्षा जवळ आली आहे. सगळ्या खोल्या ती डोळे मिटून पार करते, फक्त एका खोलीत अडते. त्या खोलीत रोगी नसतो, रागावलेला नातेवाईक असतो. त्याला नको असलेली बातमी त्याला सांगायची, त्याचा आरडाओरडा ऐकायचा, आणि तरी तिथेच बसून राहायचं. समोरचा आवाज चढला की आपली पोर खाली मान घालते आणि तिची वाचा जाते. (माझी गेली होती तशी नाही, खरी.) मी बरेच प्रयत्न केले. मी तिच्यावर ओरडायला लागतो आणि शेवटी तिला चहा पितेस का विचारतो. खाणावळवाली आणली, ती मधेच हसली. लांब्या रागावला तर सगळेच हसले. मी मुंगीला विचारलं, बाई गं, तुझं नेमकं काय होतं? म्हणाली, "आईसमोर होतं तेच. मी काय बोलणार ते सगळं पाठ असतं, पण तिने आवाज चढवला की सगळं पुसलं जातं."

इतका खरा, टिकाऊ, न थकणारा राग माझ्या ओळखीत एकाच माणसाकडे आहे. तेव्हा तू ये. रविवारी सकाळची वेळ लांब्याने तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. राग आवरून येऊ नकोस. सगळा घेऊन ये, वाटेत कंडक्टरवर खर्च करू नकोस. तू म्हणशील, नापास झाली तर बरंच, घरी राहील. राहील की! पण मग इथल्या वॉर्डातही ती अशीच मान खाली घालून उभी राहील, आणि तुझ्यासमोरही. जाणं न जाणं तिचं ती बघेल. तिला एकदा तुझ्यासमोर वाक्य पुरं करू दे. मेहुण्यांना आणू नकोस, गप्प बसण्याचे सगळे गुण तेच घेऊन जातील.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. त्या खोलीत कसं वागायचं ते सांगून ठेवतो, नाहीतर पहिल्या फेरीत तूही माझ्यासारखी नापास होशील. ती आत येईल आणि आपलं नाव सांगेल. "माहीत आहे, मीच ठेवलंय," असं म्हणायचं नाही. ती खुर्ची ओढून तुझ्याजवळ बसेल. (खुर्ची मी सिस्टरकडून तेवढ्यापुरती मागून आणतो आहे, खोकी उतरवायचं कबूल केलं आहे.) मग ती तिची बातमी सांगेल. तेव्हा तू ओरड, जितकं साठलं आहे तितकं ओरड, ती उठून जाणार नाही. तुझं ओरडून झालं की ती विचारेल, तुम्हाला कशाची काळजी वाटते, आणि गप्प बसेल. तोवर, काही झालं तरी, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पण तिने विचारलं की मग मात्र सांग, धाकटे. मग सगळं सांग.